मैनेच्या डोळ्याखालचा भोवरा

सुमन कोळीचा मी एकोणीस वर्षं हेवा केला. ‘तसं मला तिचं कौतुकच होतं, पण...’ असलं गुळमुळीत काही मी म्हणणार नाही. कौतुक करायला बाकीचे होते. साहेब करायचे, शिपाई करायचा, खालचा चहावाला करायचा, आणि कहर म्हणजे माझ्या सासूबाईसुद्धा करायच्या. माझ्या वाट्याला जळणं आलं होतं आणि ते मी मन लावून केलं.

आमचं विमा कंपनीचं ऑफिस ठाण्यात, टेंभी नाक्याजवळ, दुसऱ्या मजल्यावर. मी क्लेम खात्यात. सुमन आमची एजंट, राहायला कोपरीत. घरचा धंदा मासळीचा. नवरा लवकर गेला, तेव्हा मासळीची टोपली जावेकडे देऊन ही विम्याकडे वळली. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला. ती जिना चढायला लागली की वरपर्यंत कळायचं, कारण पहिल्या पायरीपासून कुणाशी तरी बोलणं चालू असायचं. दारात आली की चपला काढायची. आता ऑफिसात कोण चपला काढतं? मी तिला दोनदा हटकलं, तर म्हणाली की इथं लोकांच्या मयताचे कागद ठेवलेले असतात, चपला घालून आत यायला तिला बरं वाटत नाही. पुढे आठवडाभर माझे सँडल मलाच टोचत राहिले.

तिचे फॉर्म म्हणजे डोक्याला ताप. जन्मतारखेच्या रकान्यात ‘गौरीजेवणाच्या दिवशी’ असं लिहून आणलेलं मी स्वतः पाहिलंय. समासात पेन्सिलीने भलतंच काहीतरी: थोरली बारावीला आहे, परीक्षा संपेपर्यंत फोन करू नये. माणूस तापट आहे पण मनाने चांगला. मी लाल शाईने गोल करून करून ते फॉर्म परत पाठवायची. एकदा एकच फॉर्म पाच वेळा पाठवला. पाचव्या वेळेला मला वाटलं, आता तरी ही चिडेल, चार शब्द बोलेल, आणि मग मलाही बोलता येईल. ही आली, माझ्या टेबलावर सुक्या जवळ्याच्या चटणीची बाटली ठेवली आणि म्हणाली, ‘‘तुजी लाल शाई बगितली का मना बरं वाटतं गो वर्षा. कुनीतरी आख्खं वाचलं.’’ मी टोचावं म्हणून लिहिलेलं, आणि हिला त्याचं बरं वाटत होतं! चटणी उत्तम होती, हेही सांगून टाकते.

एकदा कोपरीतल्याच एका बाईच्या नवऱ्याचा अपघाताचा क्लेम होता. सुमनचा नेहमीप्रमाणे त्यातला एक कागद आणायचा राहिला होता. तो मी पोलीस ठाण्यात चार फोन करून मिळवला, साहेबांच्या मागे लागले, आणि अकरा दिवसांत क्लेम मंजूर केला. आमच्या शाखेत इतक्या लवकर कधी झाला नव्हता. ती बाई ऑफिसात आली. माझ्या टेबलापाशी सही केली, ‘थँक्यू मॅडम’ म्हणाली, आणि उठून सरळ कोपऱ्यात बसलेल्या सुमनच्या गळ्यात पडून रडायला लागली. सुमनही रडली. मी पावतीवर शिक्का मारला. शिक्का इतक्या जोरात बसला की शिपाई वळून बघायला लागला.

सासूबाईंचं तर विचारूच नका. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी रजा काढून डोंबिवलीच्या हॉस्पिटलात तीन दिवस बसले. रोज घरून मऊ भात न्यायची. दोन घास खाऊन त्या डबा बाजूला सारायच्या. तिसऱ्या दिवशी सुमन भेटायला आली आणि कॉटवर टेकली. आमच्या सासूबाई पक्क्या शाकाहारी, सोवळ्याओवळ्यातल्या, आणि ही कोळीण त्यांना विचारत होती की आजी, लहानपणी आईनं जेवायला घातलेलं काय आठवतं? अर्धा तास त्या सांगत होत्या. बोलता बोलता सुमनने माझ्याच डब्यातला माझाच भात त्यांना भरवला, आणि सगळा संपला. घरी येऊन मी तो डबा घासला. एवढा चकचकीत तो आधी कधी झाला नव्हता.

पुढे माझ्या चिन्मयचं लग्न ठरलं. त्याला वरातबिरात काही नको होती, पण नातू घोडीवर बसलेला बघायचाच, हा सासूबाईंचा हट्ट. सुमन लगेच म्हणाली, मानपाड्याचा हरेश म्हात्रे माझा पॉलिसीवाला, त्याची मैना घोडी एकदम गरीब, लहान पोरगंही लगाम धरेल. मानपाड्याला कारखान्यांच्या मागे हरेशची पत्र्याची शेड आहे. पांढरीशुभ्र मैना हे त्या नवरा-बायकोचं एकमेव जनावर. लग्नसराईत मैना चालायची, त्यावर वर्षभर घर चालायचं.

लग्नाच्या दिवशी हॉलच्या मागच्या गल्लीत घोडी आली. सासूबाईंना तिला हाताने गूळ भरवायचा होता, पण तोंडावरच्या त्या मोत्यांच्या झालरी, घुंगरं, गोंडे यामुळे त्या दचकत होत्या. सुमनने हरेशला झालर काढायला सांगितली. तो का कू करत होता, ती चावते म्हणाला. अरे, गरीब म्हणूनच तर आणली ना, असं म्हणत सुमनने स्वतःच बंद सोडला. मैनेने गूळ खाल्ला. त्या क्षणी मी फोनवर एक फोटो काढला. त्यात सासूबाई तोंड उघडून हसताहेत, दात नसलेलं तोंड, लहान मुलीसारख्या. एक हात घोडीच्या तोंडाखाली, आणि दुसऱ्या हाताने सुमनचा दंड घट्ट धरलेला. एकोणतीस वर्षं मी त्यांची सून होते. माझा हात त्यांनी असा कधी धरला नाही. तो फोटो मी कुणाला पाठवला नाही, पुन्हा उघडलाही नाही. वर्षभराने सासूबाई गेल्या.

आणि गेल्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, मैना गेली. पोटात कळ आली आणि सकाळ व्हायच्या आत संपलं. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा हरेशने घेऊन ठेवलेल्या होत्या. विम्याचे पैसे आले तर दुसरी घोडी, नाही तर शेड रिकामी, असा सरळ मामला होता.

फाईल माझ्याकडे आली. घोड्याला आधार कार्ड नसतं. रंग, उंची आणि अंगावरचे केसांचे भोवरे यांवरून त्याची ओळख ठरते. पॉलिसी घेताना डॉक्टरांनी दिलेल्या दाखल्यात मैनेच्या कपाळावर एक आणि मानेवर दोन भोवरे लिहिले होते. सोबतचा फोटो वरातीच्या साजातला. आणि शवविच्छेदनाच्या अहवालात चौथा भोवरा होता, डाव्या डोळ्याच्या खाली. मी अहवाल दोनदा वाचला. विमा एका जनावराचा आणि मेलेलं दुसरंच दाखवायचं, हा प्रकार आमच्याकडे नवा नाही. मी टिपण लिहिलं: मृत घोडी विमा उतरवलेली घोडी असल्याचे सिद्ध होत नाही. माझं अक्षर चांगलं आहे, त्या दिवशी तर मोत्यासारखं आलं. सुमनच्या फाईलमध्ये अशी चूक, आणि तीही माझ्या नजरेला पडलेली. खोटं कशाला बोलू, मी संध्याकाळी घरी श्रीखंड नेलं.

दुसऱ्या दिवशी सुमन आली आणि समोरच्या खुर्चीत नुसती बसून राहिली. तिला न बोलता बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मग हळूहळू तिने सांगितलं. डोळ्याखालच्या भोवऱ्याला घोडेवाले आसूढाळ म्हणतात. असलं जनावर घरात आसवं आणतं असा समज. अशी घोडी वरातीला कुणी दारात उभी करणार नाही. म्हणूनच हरेशला मैना परवडण्यासारखी मिळाली होती. त्याने रुंद पट्ट्याची झालर शिवून घेतली आणि लोकांसमोर ती कधी उतरवली नाही. दाखला द्यायला डॉक्टर आले तेव्हाही चावते म्हणून तोंडावरचा पट्टा काढू दिला नाही. गिऱ्हाइकापासून लपवायची सवय, ती विम्यापासूनही लपवली. सुमनला स्वतःला हे कालच कळलं होतं, तेही हरेशच्या बायकोकडून.

मी नियम सांगितला. पॉलिसीच्या मुदतीतला, तारीख कळेल असा, झालरीशिवाय घोडीचं तोंड दिसणारा फोटो आणा. सुमन म्हणाली, आणते.

पुढचे दोन आठवडे ही बाई डोंबिवली, कल्याण, ठाणे हिंडली. गुडघे दुखत होते तिचे. मैनेवर ज्यांच्या ज्यांच्या वराती निघाल्या त्या घरांत जाऊन बसायची, चहा प्यायची, अल्बम बघायची. घोडी गेली, हरेशला तिचा फोटो लावायचाय, एवढंच सांगायची. खरं कारण एकाही घरात सांगितलं नाही. मी म्हटलं, सांग की, लोक नीट शोधतील तरी. तर म्हणाली, ‘‘त्या घरात आता पोरंबाळं खेळतात गो. त्यांच्या मनात मी कशाला संशय घालू?’’ दर दोन दिवसांनी ती फोटो घेऊन यायची. प्रत्येकात नवरा मुलगा ठसठशीत आणि घोडीच्या तोंडावर झालर. मी एकेक बघायची आणि मान हलवायची. मान हलवताना मला आतून बरं वाटत होतं.

अशाच एका फोटोवर मान हलवताना मला आठवलं. घरी आल्यावर पर्स बाजूला टाकली आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या फोन उघडला. लग्नाचा दिवस, हॉलमागची गल्ली. बोटांनी मोठा करून पाहिला. डाव्या डोळ्याच्या बरोबर खाली केसांचा गोल भोवरा, शवविच्छेदनात लिहिला होता तसाच.

आणि पहिला विचार हरेशचा नाही आला. पहिला विचार आला तो ऋचाचा. ऋचा माझी सून. चार महिने झाले होते, ती कल्याणला माहेरी होती, आणि चिन्मय तिचा विषय काढला की जेवणावरून उठायचा. मी असलं काही मानत नाही. मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्या शेजारणीला मी झापलेलं आहे. पण त्या दिवशी मी ताबडतोब मानलं. आसूढाळ घोडी माझ्या दारात कुणी आणली? सुमनने. माझ्या हातात पहिल्यांदाच तिच्याविरुद्ध काहीतरी आलं होतं. दोन दिवस मी भाजी निवडताना, रिक्षात बसताना ते वाक्य घोळवत होते, तिच्या तोंडावर कसं टाकायचं ते.

पण त्यासाठी तिने आधी फोटो मागायला हवा होता. ती मागेल याची मी वाट बघत बसले. तिला आठवणार नाही असं शक्यच नव्हतं, झालर तिनेच सोडली होती. मी फोटो काढताना ‘माजं पोट येऊ देऊ नको’ असं ओरडलीही होती. ती रोज यायची, चपला काढायची, रिकाम्या हाताने समोर बसायची, सासूबाईंच्या वर्षश्राद्धाचं विचारायची, ऋचा कशी आहे विचारायची. फोटोबद्दल एक अक्षर नाही. असे अकरा दिवस गेले. तिकडे हरेश घेतलेल्या तारखा एकेक करून परत देत होता, घोडी आजारी आहे असं सांगून.

बाराव्या दिवशी साहेब फाईल बंद करणार होते. सुमन हरेशला घेऊन आली. साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं. हरेश बसलाच नाही. अंगाने आडदांड माणूस, पण हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. मानपाड्यात हे कळलं तर पुढची घोडीही कुणी दारात उभी करणार नाही, हे माहीत असूनही तो बोलला.

‘‘साहेब, खोड होती. मीच लपवली. पण ती मैनाच होती.’’

साहेब माणूस वाईट नाही. ते म्हणाले, मला पटतंय, पण नुसत्या शब्दावर वरचं ऑफिस पैसे देणार नाही, कागद हवा. सुमन टेबलावरच्या काचेकडे बघत होती, पंख्याकडे बघत होती, हरेशच्या पायांकडे बघत होती. फक्त माझ्याकडे बघत नव्हती. तेव्हा माझी खात्री पटली. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि तिने न मागायचं ठरवलं होतं.

लोकांना वाटतं, मला दया आली. नाही आली. मला संताप आला. क्लेम बुडाला असता तरी लोक हिलाच धरून रडले असते, आणि मी फोन पर्समध्ये ठेवून बसलेली बाई म्हणून उरले असते, दुसऱ्या कुणाला नाही तरी तिला माहीत असलेली. ते मला सहन होईना. पाणी पिऊन येते म्हणून मी बाहेर आले. पॅसेजमध्ये उभी राहून फोटो कापला. सुमन कापली, सासूबाईंचं हसू कापलं, दंडावरची ती मूठ कापली. उरलं घोडीचं तोंड आणि त्याखाली एक सुरकुतलेला तळहात. तेवढा साहेबांना पाठवला.

साहेबांनी तो पाहिला, चष्मा काढला, परत लावला. फोटो कुठला विचारलं, मी सांगितलं. फोटो तुमच्याच घरचा, तेव्हा फाईल आता तुमच्याकडे ठेवता येणार नाही, मी बघतो, म्हणाले. मग म्हणाले, ‘‘वर्षा मॅडम, कापलेला फोटो चालत नाही हे मी तुम्हाला सांगायचं का? आख्खा द्या.’’

खरंच होतं. कापलेल्या फोटोंवर लाल गोल करून मीच किती फाईली परत पाठवल्या असतील! सगळ्यांच्या देखत मला मूळ फोटो द्यावा लागला. साहेबांच्या कॉम्प्युटरवर तो मोठा होऊन उघडला. सासूबाई पडदाभर हसत होत्या. साहेबांनी विचारलं, या आजी कोण? मी म्हटलं, माझ्या सासूबाई. हरेशने मैनेला पाहून तोंड फिरवलं. सुमनने पदर डोळ्यांना लावला, आणि त्याही वेळी माझ्या मनात आलं की माझ्या सासूसाठी रडायला ही कोण लागते?

महिन्याभराने क्लेम मंजूर झाला. डॉक्टरांनी नवा दाखला दिला, हरेशने प्रतिज्ञापत्र लिहून दिलं, भोवरा म्हणजे आजार नाही हे वरच्या ऑफिसने मान्य केलं. सुमन पेढे घेऊन आली आणि जिन्यापासूनच ओरडत आली की वर्षानं केलं, माझ्यानं नाय झालं, वर्षानं केलं. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना तेच. हरेश माझ्या पाया पडला. एकोणीस वर्षं मला हेच हवं होतं, आणि आता ते मिळत होतं ते तिच्या हातून. पेढा मी कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये टाकला.

सगळे पांगल्यावर मी तिला विचारलंच, मागितला का नाहीस? तिने आवाज खाली आणला. म्हणाली, ‘‘कुनाच्याच घरात खरं नाय सांगितलं, तर तुज्याच घरात कसं सांगू? फोटो मागितला असता तर भवऱ्याचं बोलावं लागलं असतं. तुजी सून माहेरी बसलीय. तुज्या मनात एकदा ते गेलं असतं तर निघालं नसतं.’’ दोन दिवस घोळवलेलं ते वाक्य माझ्याकडेच राहिलं. निघताना ती म्हणाली, ‘‘मना पाठव ना गो तो फोटो. आजी काय हसते त्याच्यात.’’ मी म्हटलं, पाठवते.

दोन महिन्यांनी तिने एजन्सी सोडली. गुडघ्यांनी जिना होत नव्हता. मुलगी रेवदंड्याला असते, तिच्याकडे राहायला जायचं ठरलं. शेवटच्या दिवशी सगळ्यांना भेटली, मला जवळ घेतलं. फोटोचं पुन्हा काढलं नाही. ती गेल्यावर मी खिडकीशी गेले. बराच वेळ लागला तिला उतरायला. मग खाली फुटपाथवर दिसली. स्टेशनच्या दिशेने चार पावलं गेली आणि थांबली. पर्समधून चष्मा काढला, फोन काढला, डोळ्यांजवळ धरून बोटाने काहीतरी वर सरकवत राहिली. मागून येणारी माणसं तिला वळसा घालून जात होती. मग तिने फोन ठेवला, चष्मा ठेवला, पर्सची चेन लावली आणि एका बाजूला झुकत चालायला लागली. माझ्या हातात माझा फोन होता आणि त्यावर तोच फोटो उघडा होता. तो मी तेव्हा पाठवला नाही. अजूनही पाठवलेला नाही.